बर्फातलं झाड सोलापुरात: सेम्पर्व्हायव्हम कसं जगवायचं

जुळे सोलापुरातल्या एका ताईंनी विचारलंय: जानेवारीत ऑनलाइन मागवलेली सेम्पर्व्हायव्हमची (जाड पानांचं, गुलाबाच्या आकाराचं डोंगरी झाड) तीन रोपं होळीपर्यंत मस्त होती. एप्रिलात खालची पानं कागदासारखी वाळली आणि मधला भाग कोबीच्या गड्ड्यासारखा मिटला. पाणी कमी पडतंय असं वाटून रोज संध्याकाळी पाणी घालायला लागले, तर आठ दिवसांत एक रोप बुडातून गळून गेलं. उरलेली दोन कशी वाचवू? आणि सोलापुरात याच्या वीस-पंचवीस जाती जमवायचा विचार करणं वेडेपणा आहे का?

ताई, आधी ती झारी खाली ठेवा. बाकीचं सावकाश बोलू.

तुमची उरलेली दोन रोपं आजारी नाहीत, झोपली आहेत. मधली पानं मिटून गोळा होणं आणि बाहेरची वाळणं ही या झाडाची उन्हाळ्यातली रीतच आहे. बाहेरच्या पानांतलं पाणी ते आत ओढून घेतं आणि वाळलेल्या पानांचं पांघरूण करून बसतं. त्या अवस्थेत मुळं जवळजवळ काम करत नाहीत. तुम्ही रोज संध्याकाळी जे पाणी घातलंत ते कोणी प्यायलंच नाही. दिवसभर तापलेल्या कुंडीत ते रात्रभर कोमट होऊन राहिलं, आणि अशा ऊबदार ओलीत बुरशीला काय हवं असतं? डाळिंबवाल्यांना मर रोग ठाऊक असतो. तसलाच प्रकार, फक्त बशीएवढ्या जागेत.

आज संध्याकाळी दोन्ही रोपं कुंडीतून अलगद उपसा. बुडाशी नखाने दाबून बघा. घट्ट लागलं तर रोप ठीक आहे. मऊ लागलं किंवा वास आला तर धारदार पात्याने खालून पातळ चकत्या काढत जा, आतला भाग पांढरा-हिरवट आणि कोरडा दिसेपर्यंत. तपकिरी ठिपका जरी राहिला तरी आणखी एक चकती. वरचा गोळा लिंबाएवढा उरला तरी चालेल. कापलेल्या जागी कोणी हळद लावतं, कोणी दालचिनीची पूड, कोणी बुरशीनाशक. लावा हवं तर, पण खरं औषध वारा आहे. चार-पाच दिवस सावलीत, वर्तमानपत्रावर, उघडं ठेवा. मग कोरड्या मुरमावर नुसतं टेकवून ठेवा. पुरायचं नाही आणि पाणीही द्यायचं नाही. मुळं ते आपलं आपण काढेल, पण जूनच्या मध्यापर्यंत फारशी अपेक्षा ठेवू नका.

आता हे असं का होतं ते सांगतो. ते कळलं की बाकीचे निम्मे प्रश्न विचारावे लागणार नाहीत.

दारातली पानफुटी तुम्हाला माहीत असेल. पान जमिनीवर पडलं की कडेने पिल्लं फुटतात ती. सेम्पर्व्हायव्हम तिच्याच कुळातलं, क्रॅसुलेसी. पानफुटीचं पान पहाटे किंचित चावून बघा (थुंकून टाका, गिळायचं नाही), आंबट लागतं. तेच दुपारी चावलं तर फिकं. ही गोष्ट भारतातच टिपली गेली. दक्षिण भारतात ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत असलेल्या बेंजामिन हाइने या वनस्पतिशास्त्रज्ञाने ती लिहून लंडनला कळवली आणि १८१५ मध्ये ती छापून आली. कारण पुढे कित्येक वर्षांनी उलगडलं. ही झाडं दिवसा पानांवरची छिद्रं बंद ठेवतात, म्हणजे पाणी उडून जात नाही. रात्री गारवा आला की छिद्रं उघडतात, हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि आम्लाच्या रूपात साठवून ठेवतात. सकाळी उजेड आला की दारं बंद करून त्या साठ्यातून अन्न शिजवतात. रात्री बाजार, दिवसा स्वयंपाक.

यात सगळी मदार रात्रीच्या गारव्यावर आहे. आपल्याकडे मे महिन्यात दिवसा पारा ४२-४४ वर जातो त्याची सगळे चर्चा करतात, पण झाडाला मारते ती रात्र. स्लॅब दिवसभर तापलेला असतो, तो पहाटेपर्यंत ऊब सोडत राहतो. हवा २६-२७ अंशांच्या खाली उतरत नाही, गच्चीवर त्याहूनही जास्त. अशा रात्री छिद्रं उघडली तर कार्बन डायऑक्साइड आत येतो त्यापेक्षा पाणीच जास्त बाहेर जातं, आणि जो साठा होता तो श्वासोच्छ्वासातच जळतो. मग झाड दारं लावून घेतं आणि पोटाला चिमटा घेऊन बसतं. नुसतं कडक ऊन त्याला नवं नाही. आल्प्समध्ये उघड्या खडकावर दुपारी दगड चांगलाच तापतो. पण तिथे सूर्य मावळला की तासाभरात स्वेटर घालावा लागतो. आपल्याकडे सूर्य मावळला की लोक गच्चीवर पाणी शिंपडून गाद्या टाकतात.

मूळ घर म्हणाल तर युरोपातले डोंगर: पिरेनीज, आल्प्स, कार्पेथियन, बाल्कन. पुढे तुर्कस्तान आणि कॉकेशसपर्यंत, आणि एक जात मोरोक्कोच्या अ‍ॅटलास पर्वतातही आहे. बर्फाखाली उणे २५ अंशांतही यातल्या बऱ्याच जाती मजेत राहतात, म्हणून तर यांना 'हार्डी' सक्युलंट (सक्युलंट म्हणजे पानांत पाणी साठवणारं झाड) म्हणतात. हा शब्द वाचून आपल्याकडचा माणूस फसतो. त्याला वाटतं, हार्डी म्हणजे काटक, म्हणजे सोलापुरात सहज चालेल. तो काटकपणा थंडीचा आहे, उन्हाळ्याचा नाही.

नावाचा अर्थ मात्र छान आहे: लॅटिनमध्ये 'सेम्पर' म्हणजे सदा आणि 'व्हायव्हम' म्हणजे जिवंत. इंग्रजीत हाउसलीक म्हणतात, कारण लोक ते घरांच्या छपरांवर लावायचे. वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनिअसने १७५३ मध्ये सगळ्यांत परिचित जातीला नावच दिलं 'टेक्टोरम', म्हणजे छपरांचं. त्याच्याही साडेनऊशे वर्षं आधी, शार्लमेन राजाच्या काळच्या एका फर्मानात बागेत काय काय लावावं याची लांबलचक यादी आहे. तिच्या शेवटी म्हटलंय की माळ्याने आपल्या घरावर 'ज्युपिटरची दाढी' ठेवावी. ती हीच. ज्युपिटर हा रोमन लोकांचा विजेचा देव, म्हणून छपरावर हे असलं की वीज पडत नाही अशी समजूत होती. वीज पडत असेल-नसेल, पण छपरावरची गोष्ट आपल्या कामाची आहे. आपल्या जिल्ह्यात जुनी माळवदाची घरं अजून दिसतात. पावसाळ्यात त्या पांढऱ्या मातीवर गवत उगवतं आणि दसऱ्यापर्यंत वाळून जातं. तिकडच्या कौलारू छपरांवरही अशीच बोटभर माती, पाणी पडलं की लगेच निथळणारी, खत नाही, कोणी बघायला येत नाही. सेम्पर्व्हायव्हमला एवढंच लागतं. आपण देतो ती काळी माती, शेणखत आणि रोज तांब्याभर पाणी. म्हशीचं खाणं शेळीला घातल्यासारखं.

मी सत्तावीस वर्षं चादरीच्या सुताच्या रंगाई खात्यात काढली. निवृत्तीच्या आधीपासून हे वेड आहे. २००९ मध्ये एका डोंगरी नर्सरीतून बारा रोपं आणली, दक्षिणेच्या उघड्या गच्चीवर रांगेत मांडली. उन्हाळा नऊ रोपांनी काढला, मला वाटलं जिंकलो. जूनमध्ये पहिले दोन पाऊस झाले आणि आठवड्यात त्या नवांतली सात गेली. उन्हाळ्यात दमलेलं झाड पावसाळ्यात मरतं, हे मला तेव्हा कळलं. उन्हाळ्यात रोप जगलं एवढ्यावर समाधान मानू नका. ते किती दमलंय ते जूनमध्येच कळतं.

तेव्हापासून मी वर्ष उलटं धरतो. युरोपीय पुस्तकं म्हणतात: वसंतात कुंडी बदला, उन्हाळ्यात वाढ, हिवाळ्यात विश्रांती. आपल्याकडे हे जसंच्या तसं केलं की झाड गेलंच. इथे याचं वर्ष दिवाळीला सुरू होतं. ऑक्टोबरची उष्णता ओसरली, रात्री गार व्हायला लागल्या की मिटलेले गोळे हळूहळू उघडतात. तेव्हा कुंडी बदला, पिल्लं सुटी करा, मनसोक्त पाणी द्या. मनसोक्त म्हणजे कुंडीच्या तळातून वाहीपर्यंत, आणि पुन्हा पूर्ण कोरडं होईपर्यंत थेंबही नाही. थंडीत माझ्याकडे हे साधारण आठवड्याने एकदा बसतं. डिसेंबर-जानेवारीत पूर्ण ऊन द्या, पाच-सहा तास. गड्ड्याची यात्रा भरते तेव्हा माझ्या रोपांचा रंग सगळ्यांत चांगला असतो. थंड रात्र आणि स्वच्छ ऊन यांनी पानांत लाल द्रव्य चढतं. सिद्धेश्वराच्या यात्रेला आलेले पाहुणे गच्चीवर येऊन विचारतात, 'हे प्लास्टिकचं आहे का?' तेच पाहुणे मे महिन्यात आले तर विचारतात, 'ते कुठे गेलं?' समोरच असतं. मातकट हिरवं, मिटलेलं, बटणाएवढं.

होळी झाली की हात आखडता घ्यायचा. खत बंद, पाण्यातलं अंतर वाढवायचं. गुढीपाडव्यानंतर रोपं उन्हातून हलवायची. एप्रिल-मे मध्ये दहा-बारा दिवसांतून एकदा, कुंडीच्या कडेने दोन-तीन चमचे पाणी, तेही पहाटे. संध्याकाळी का नाही? कारण संध्याकाळी कुंडी सगळ्यांत तापलेली असते. पहाटे पाच वाजता ती दिवसातली सगळ्यांत गार असते. तेव्हा दिलेलं पाणी थोडंफार घेतलं जातं आणि नऊ वाजेपर्यंत उरलेलं उडून जातं. आपल्याकडे नळ चार-पाच दिवसांनी कधी मध्यरात्री, कधी पहाटे येतो आणि तेव्हा जाग असतेच. तेवढाच त्याचा उपयोग.

जागा ही सगळ्यांत मोठी गोष्ट आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. गच्चीचा स्लॅब उन्हाळ्यात या झाडाचा शत्रू आहे. मार्च संपायच्या आत रोपं खाली आणा. पूर्वेला तोंड असलेला व्हरांडा, जिन्याखालची उजेडाची जागा, नाहाणीजवळची भिंत, घरात जिथे माठ ठेवता त्याच्या आसपास. माठ जिथे गार राहतो ती जागा घरातल्या म्हाताऱ्या माणसांना बरोबर माहीत असते, त्यांना विचारा. सकाळचं ऊन नऊ-साडेनऊपर्यंत, नंतर सावली, पण वारा खेळता हवा. खालच्या मजल्यावर जागा नसेल तर गच्चीवर लाकडी किंवा लोखंडी मांडणी करा, स्लॅबपासून किमान अडीच-तीन फूट वर. त्यावर ७५ टक्क्यांची शेडनेट, आणि नेटमध्ये अन् रोपांमध्ये हातभर मोकळी जागा. नेट रोपांना चिकटून बांधली तर भट्टी होते.

आपल्या उन्हाळ्याचा एक फायदा आहे: हवा कोरडी असते. कोकणात ही सोय नाही. कोरड्या हवेत ओली वस्तू झपाट्याने गार होते, माठाचं सगळं तत्त्व तेच. मी एका मोठ्या मातीच्या कुंडीत वाळू भरून ती ओली ठेवतो, त्यात मधोमध दगडावर लहान प्लास्टिकची कुंडी, सेम्पर्व्हायव्हमसकट. पाणी बाहेरच्या वाळूला, आतल्या कुंडीला नाही. मांडणीच्या पश्चिम बाजूला वाळ्याचा जुना पडदा बांधतो आणि सूर्य मावळल्यावर तो ओला करतो. फरक मोठा नाही, दोन-चार अंशांचाच असेल, पण या झाडाला जे हवं असतं ते रात्रीचे तेच दोन-चार अंश. घरात कूलरसमोर ठेवू नका. हवा गार असते खरी, पण दमट असते आणि उजेड नसतो. उजेड नसला की रोप मान वर काढून लांबतं, आणि एकदा लांबलेलं रोप पुन्हा कधी बसकं होत नाही.

कुंड्या पांढऱ्या रंगवा. चुना लावला तरी पुरे. नर्सरीतून येणारी काळी प्लास्टिकची कुंडी उन्हात हाताला चटका देते, आत मुळांचं काय होत असेल? मला सगळ्यांत आवडतो तो कुंभाराकडचा परळ: पसरट, उथळ, खाली भोक पाडून घेतलेला. मुळं खोल जातच नाहीत, मग घागरीएवढी कुंडी कशाला? खोल कुंडीत तळाची माती ओली राहते आणि वरून आपल्याला कोरडी दिसते, सगळे घोटाळे तिथेच.

माती. काळी माती अजिबात नाही, चिमूटभरसुद्धा नाही. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडून मुळं तोडते. आपल्याकडे हक्काची वस्तू आहे ती मुरूम. बांधकामाच्या ढिगातून घमेलंभर आणा. आधी गव्हाच्या चाळणीने चाळा, वर राहिलेले मोठे खडे टाका. खाली पडलेला माल रव्याच्या चाळणीने चाळा आणि खाली पडलेली धूळ टाका. मधला जो दाणेदार माल उरतो तो धुऊन वाळवून घ्या. (चाळण्या घरातल्याच घेतल्या तर स्वयंपाकघरातून काय ऐकावं लागतं ते अनुभवाने सांगतो, वेगळ्या विकत घ्या.) हा मुरूम चार भाग, विटांचा चुरा त्याच मापाचा दोन भाग, जुनं कुजलेलं पालापाचोळ्याचं खत एक भाग. बस. नदीची बारीक वाळू घालू नका, ती दाण्यांमधल्या फटी भरून सिमेंटसारखी बसते. परलाइट, प्युमिस वगैरे हौसेने घ्यायचं तर घ्या, माझं मुरमावर भागतं.

ऑनलाइन आलेलं रोप बहुधा कोकोपिटात, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात असतं. ते पहिल्या दिवशीच झटकून टाका. कोकोपिट ओलं असलं तर दिवसेंदिवस ओलं, आणि एकदा खडखडीत वाळलं की वर घातलेलं पाणी कडेने निसटून जातं, मुळांपर्यंत पोचतच नाही. माझा अंदाज आहे की तुमचं गेलेलं रोप कोकोपिटातच होतं.

पाण्याबद्दल थोडं, कारण रंगाई खात्यातल्या माणसाला पाण्याबद्दल बोलल्याशिवाय राहवत नाही. जड पाण्यात रंग नीट चढत नाही, तिथून मला ही खोड लागली. बोअरच्या पाण्याने परळाच्या कडेला पांढरी खपली धरते, तो क्षार. काही जाती चुनखडीच्या डोंगरातल्याच आहेत, उदाहरणार्थ फ्रान्सच्या दक्षिण आल्प्समधलं कॅल्केरियम, त्यांचं फार बिघडत नाही. मॉन्टेनम मात्र चुना नसलेल्या खडकावरचं, ते कुरकुरतं. पावसाचं पाणी पिंपात साठवा, एसीचं टपकणारं पाणीही उत्तम. घरच्या आरओ यंत्रातून जे पाणी वाया जातं ते मात्र झाडाला चुकूनही नको. त्यात मूळ पाण्यातला क्षार आणखी दाट झालेला असतो.

पावसाळ्यात एकच नियम: वरून पाऊस लागू द्यायचा नाही. सोलापूरचा पाऊस वर्षाचा साडेपाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास, पुण्या-मुंबईवाले हसतील. पण तो येतो धो-धो आणि सप्टेंबरात तर एकेका रात्रीत. वर पारदर्शक पत्रा किंवा जाड प्लास्टिक, चारही बाजू उघड्या. मिरगाच्या आधी बुडाशी वाळलेली सगळी पानं चिमट्याने काढून टाका. उन्हाळ्यात ती पांघरूण असतात, पावसाळ्यात तीच ओला स्पंज होतात आणि पिठ्या ढेकणाचं घर. हा पिठ्या ढेकूण तुमच्या पाहण्यात असेल, डाळिंबावर, जास्वंदीवर येतो तोच कापसासारखा. कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून टिपून काढा. कुंडीवर मुंग्यांची रांग दिसली तर समजा की तो कुठेतरी आहे, बहुतेक मुळांत. मुंग्या त्याच्या गोड चिकट्यासाठी त्याला सांभाळतात, इकडून तिकडे नेतातही.

आणि बुलबुल. उन्हाळ्यात पक्षी ही पानं पाण्यासाठी टोचतात. जवळच पाण्याचं पसरट भांडं ठेवा, माझ्याकडे तेव्हापासून त्रास निम्म्याने कमी झाला.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ: संग्रह करावा का.

आधी जे घेताय ते खरंच सेम्पर्व्हायव्हम आहे का ते बघा. आपल्याकडे गुलाबासारखं दिसणारं प्रत्येक रोप 'सक्युलंट' या एका नावाने विकलं जातं आणि त्यातलं बहुतेक मेक्सिकोतलं एचेव्हेरिया असतं. भिंगातून पानाची कड बघा: सेम्पर्व्हायव्हमच्या कडेला बहुधा पापण्यांसारखे बारीक केस असतात. एचेव्हेरियाची कड सहसा गुळगुळीत आणि पानावर जांभळाच्या सालीवर असतो तसा पांढरा थर. एचेव्हेरियाचं एक पान मोडून मातीवर ठेवलं तर रोप येतं, सेम्पर्व्हायव्हमचं पान ठेवलं तर ते वाळतं. आणि फुलोरा. एचेव्हेरियाचा दांडा बाजूच्या पानांतून निघतो, पाच पाकळ्यांची घंटा, झाड पुढे जगतं. सेम्पर्व्हायव्हमचा गड्डा मधूनच उंच होतो, त्यावर आठ-दहा किंवा जास्त पाकळ्यांच्या चांदण्या, आणि फुलून झालं की तो गड्डा मरतो. हे ठरलेलंच आहे, तुमची चूक नसते. केळीचं कसं असतं? घड दिला की खुंट जातो, पण बुडाशी पोरं उभी असतात. तसंच. मात्र सोलापुरात पुरेशी थंडी मिळत नसल्याने फूल क्वचितच येतं. माझ्याकडे इतक्या वर्षांत फक्त दोनदा आलं.

बियांच्या भानगडीत पडू नका. 'निळं दुर्मिळ सेम्पर्व्हायव्हम, शंभर बिया' अशा पाकिटांत काय निघेल ते ब्रह्मदेवाला माहीत. खऱ्या बिया तपकिरीसारख्या बारीक असतात, आणि नावाच्या जाती बियांतून तशाच्या तशा उतरतही नाहीत. पिल्लूच घ्या. परदेशातून मागवायचं तर आयात परवाना आणि रोग-कीडमुक्तीचा दाखला लागतो, २००३ च्या क्वारंटाइन आदेशाप्रमाणे. 'गिफ्ट' म्हणून पाकिटात घालून पाठवतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. त्यापेक्षा कालिंपोंगकडच्या डोंगरी नर्सऱ्यांतून मागवा, पण नोव्हेंबरातच. तुम्ही जानेवारीत घेतलंत म्हणजे झाडाला इथे रुळायला जेमतेम दीड महिना मिळाला.

वीस-पंचवीस जातींपेक्षा पहिली दोन वर्षं तीनच ठेवा. टेक्टोरम आणि त्याच्या संकरित जाती सगळ्यांत समजूतदार. कॅल्केरियम दुसरं, राखाडी-निळी पानं आणि टोकाला तपकिरी ठिपका, शिस्तीत राहतं. तिसऱ्याला हौस म्हणून अ‍ॅरॅक्नॉइडियम घ्या, ज्याच्या पानांच्या टोकांना कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे विणलेले असतात. पण ते पहिलं मरेल ही तयारी ठेवून घ्या. त्या जाळ्यात पाण्याचा थेंब अडकला की मधूनच कुजतं. मी चार वेळा घेतलं, आता पाचवं चालू आहे. माणूस काही बाबतींत सुधारत नाही.

जोव्हिबार्बा म्हणून एक जवळचं भावंड आहे, आता बरेच वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला सेम्पर्व्हायव्हममध्येच धरतात. त्यातल्या काहींची पिल्लं वाटाण्यासारखी गोल असतात, धाग्यावरून तुटून घरंगळत जातात आणि पडतील तिथे रुजतात. माझ्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीच्या फटीत एक असंच रुजलं होतं, कुंडीतल्या भावंडांपेक्षा चांगलं वाढलं.

ज्याला पाटीवर नाव नाही त्याला संग्रहात किंमत नाही, हे सुरुवातीपासून पाळा. थंडीत लाल दिसणाऱ्या चार जाती उन्हाळ्यात एकसारख्या मातकट होतात, तेव्हा डोळ्याने ओळखू म्हणाल तर फसाल. मार्करची शाई वैशाखात उडते. साधी शिसपेन्सिल टिकते. त्याहून चांगलं म्हणजे कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा पट्टीसारखा कापून त्यावर रिकाम्या बॉलपेनने दाबून लिहायचं. एक पट्टी बाहेर, एक कुंडीत पुरलेली. बाहेरची नातवंडं उपटतात.

आणि कोणतीही जात एकाच कुंडीत, एकाच घरात ठेवू नका. माझी प्रत्येकाची एक जोडी पाचगणीला एका मित्राकडे असते. आम्ही त्याला रोपांचं माहेर म्हणतो. तिथे १३०० मीटर उंचीवर मे महिन्यातही रात्री बऱ्या असतात, फक्त पावसात छप्पर हवं. सोलापुरात एखादी जात गेली की दिवाळीला माहेरून पिल्लू येतं. ताई, खरं सांगायचं तर या सोयीशिवाय माझा संग्रह दहा वर्षं टिकला नसता, तेव्हा तुमचंही महाबळेश्वर-पाचगणीकडे कोणी असेल तर आत्ताच गोड बोलून ठेवा.

हे सगळं वाचून दमला असाल तर दुसरी वाटही आहे, आणि तिला मी कमी लेखत नाही. तोच गुलाबाचा आकार हवा असेल तर ग्राप्टोपेटालम पॅराग्वायेन्स लावा. नावात पॅराग्वे असलं तरी ते मेक्सिकोतलं, चुकून पडलेलं नाव. ते सोलापूरच्या उन्हात राखी-गुलाबी होतं, पान पडेल तिथे उगवतं. हॉवर्थिया सावलीत बिनतक्रार राहते. आपल्या माळरानावर बोराटीच्या, बाभळीच्या आडोशाला माकडशिंग उगवतं तेही काय कमी देखणं आहे? मात्र ते रानातून उपटू नका. त्याच्याच गोतातली शिंदळ माकुडी फक्त महाराष्ट्रात, शिवनेरी-पुरंदरसारख्या मोजक्या कड्यांवर उरली आहे. हौशी लोकांच्या पिशव्या तिथपर्यंत पोचल्या तर तीही जाईल.

तरीही सेम्पर्व्हायव्हमच हवं असेल, आणि तुमच्या पत्रावरून तसं दिसतंय, तर आत्ता मे महिन्यात एकही नवीन रोप विकत घेऊ नका, कितीही सवलत दिसली तरी. उरलेली दोन माठाजवळ ठेवा. त्यांच्याकडे आठवड्यातून एकदाच बघा, रोज बघितलं की पाणी घालायचा मोह होतो. मिरगाच्या आधी वाळकी पानं काढा. लक्ष्मीपूजन झालं की कुंभाराकडून वीतभर रुंदीचा परळ घ्या, त्याला एक नाही, तीन भोकं पाडून घ्या आणि तो घेऊन या. टेक्टोरमची पिल्लं तोवर सुटी झालेली असतील, दोन काढून ठेवतो. मुरूमही चाळलेला देईन, फक्त चाळणी मागू नका.